गोडवा आणि श्रद्धा
१५६९ साली क्योतो नगरीत येशूसंघीय धर्मगुरू लुईस फ्रॉइस यांनी सत्ताधीश ओदा नोबुनागा यांना काचेच्या बरणीतून साखरेचे दाणे भेट दिले. पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’चे जपानी जिभेवर ‘कोम्पेइतो’ झाले. संक्रांतीच्या हलव्यासारखे हे काटेरी दाणे जपानी लोक आजही आवडीने खातात.

१५९७ साली नागासाकीत २६ ख्रिस्तजनांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरू हद्दपार झाले, मिठाई राहिली. श्रद्धाही राहिली, पण लपून. १८६५ साली नागासाकीच्या नव्या मंदिरात त्या गुप्त ख्रिस्तजनांच्या वंशजांनी ती प्रकट केली. जिभेला रुचलेले सहज टिकले; अंतःकरणात रुजलेले पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपावे लागले, हे आम्ही विसरू नये.