पेम्बर्लीचा चुकलेला पत्ता

डर्बीशायरच्या चॅट्सवर्थ हाउसमध्ये मिस्टर डार्सीचा अर्धपुतळा आहे, 2005च्या चित्रपटासाठी घडवलेला. लोक हौसेने त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. पण जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीतली एलिझाबेथ पेम्बर्लीत, म्हणजे डार्सीच्या घरी, पाहते ते त्याचं रंगवलेलं चित्र. आणि चित्रपटात दिसणारं चॅट्सवर्थचं शिल्पदालन 1830च्या दशकातलं. जेन ऑस्टेन 1817मध्येच वारली होती.

तिच्या कादंबऱ्यांचा माग घ्यायचा तर वॉरिकशायरमधली स्टोनली ॲबी बरी. 1806च्या ऑगस्टमध्ये ती आईबरोबर तिथे राहिली. आईचे चुलतभाऊ रेव्हरंड थॉमस ली यांच्याकडे ही मालमत्ता नुकतीच आली होती. समोरून 45 खिडक्या आणि आत वाटा सापडत नाहीत, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर दिशादर्शक खांब रोवा, असं आईने यजमानांना सुचवलं. घरच्या चॅपेलमध्ये रोज प्रार्थना होई. 1814च्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मधल्या सदरटनमध्येही असं चॅपेल आहे, फक्त तिथली प्रार्थना बंद पडलेली.

ली यांनी 1809मध्ये बागरचनाकार हम्फ्री रेप्टनला बोलावलं. त्याच्या लाल वहीत जलरंगातली चित्रं असत. त्यांवरची कागदी झडप उचलली, की आजच्या जमिनीच्या जागी उद्याची बाग दिसे. अशा वहीवर कुठला जमीनदार भाळणार नाही! सदरटनचा मालक रशवर्थही रेप्टनचंच नाव घेतो. रोजचे पाच गिनी मोजायची त्याची तयारी असते.

त्या काळी बागेच्या कडेला ‘हा-हा’ नावाचा खंदक खणत. घरातून हिरवळ सलग दिसे, गुरं मात्र खंदकापलीकडे अडत. सदरटनला तिथलं फाटक कुलूपबंद असतं. रशवर्थ किल्ली आणायला जातो, तेवढ्यात त्याची वाग्दत्त वधू मारिया हेन्री क्रॉफर्डबरोबर फाटकाच्या कडेने निसटते. पुढचं सगळं प्रकरण ऑस्टेनने एका खंदकावर सांगून टाकलं आहे.

कादंबरीतल्यासारखी घरगुती नाटकं तर तिने लहानपणीच पाहिली होती. स्टीव्हेंटनच्या घरी भावंडं हौसेने नाटकं बसवत. कलकत्त्यात जन्मलेली आतेबहीण एलायझाही 1787च्या नाताळात त्यात होती. पुढे तिने जेनच्या भावाशीच, हेन्रीशी, लग्न केलं. मॅन्सफील्डमध्ये मात्र बिलियर्डच्या खोलीत उभारलेला रंगमंच घरमालक अँटिग्वाहून परतताच मोडला जातो.

पत्त्यांचंही तसंच. 1808मध्ये आई गेलेल्या दोन भाच्यांना रमवायला तिने साउथॅम्प्टनला कोडी, कागदी होड्या आणि पत्ते मांडले. ‘स्पेक्युलेशन’ हा तिचा आवडता डाव. त्यात हुकमाची पानं विकत घेता येतात. मॅन्सफील्डमधली मेरी क्रॉफर्ड एका गुलामासाठी अव्वाच्या सव्वा किंमत देते. डाव ती जिंकते, पण मोजलेले पैसे काही वसूल होत नाहीत.