न जुळलेला हिशेब

गटाच्या वहीत जमा आणि शिल्लक जुळली नाही, तर आपण आकडा खोडून पुढे जात नाही. पान पुन्हा तपासतो. आज आम्ही विज्ञानातल्या अशाच एका न जुळलेल्या हिशेबाचा इतिहास सांगणार आहोत.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू राहतात. त्यांनाही मारणारे विषाणू असतात. त्यातल्या एकाचे नाव टी-फोर. त्याच्या डीएनएत सुमारे १ लाख ६९ हजार अक्षरे आहेत. त्यातल्या कामाच्या एकेका मजकुराला जनुक म्हणतात. जनुकाची आधी नक्कल निघते, ती म्हणजे आरएनए. त्या नकलेवरून प्रथिन बनते.

१९७७ साली अमेरिकेत माणसाला होणाऱ्या एका विषाणूत शास्त्रज्ञांना दिसले, की जनुकाच्या मध्येच प्रथिनाला नको असलेला मजकूर असतो. त्याला इंट्रॉन म्हणतात. कापडातली मधली पट्टी काढून दोन्ही तुकडे शिवावेत, तसा तो नकलेतून कापावा लागतो. पुढे प्राणी-वनस्पतींतही असे इंट्रॉन सापडले. जिवाणूंवरच्या विषाणूंत मात्र असले काही नसते, असा समज होता.

१९८४ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या ऑल्बनी इथल्या प्रयोगशाळेत मार्लीन बेलफोर्ट, ग्लॅडिस मेली आणि त्यांचे सहकारी टी-फोरचे एक जनुक वाचत होते. प्रथिनाशी ताडून पाहिले, तर जनुकाची सुरुवात जुळली, शेवट जुळला, पण मध्ये हजाराहून जास्त अक्षरे जादा! पुस्तकात बसत नाही म्हणून त्यांनी ती अक्षरे सोडून दिली नाहीत. तो इंट्रॉनच होता.

मग ही पट्टी कापतो कोण? पेशीतली अशी कामे प्रथिनेच करतात, असे बरीच वर्षे मानले जाई. १९८२ साली थॉमस चेक यांनी पाण्यातल्या एका एकपेशी जिवात दाखवले होते, की आरएनए स्वतःच स्वतःला कापतो आणि जोडतो. शिंपी नाही, कात्री नाही! या कामासाठी त्यांना १९८९ चे नोबेल मिळाले. टी-फोरमध्येही तसेच निघाले. १९८६ साली जोनाथा गॉट, डेव्हिड शब आणि बेलफोर्ट यांनी टी-फोरच्या आरएनएत प्रथिन न मिसळता फक्त खूण केलेले ‘जी’ हे अक्षर सोडले. ते पट्टीच्या टोकाला आपोआप जोडले गेले. कापणी सुरू होते ती याच अक्षराने. त्या खुणेवरून टी-फोरमध्ये असे आणखी इंट्रॉनही सापडले.

१९९४ साली याच विषाणूच्या इंट्रॉनचा उपयोग करून बांगडीसारखा गोल आरएनए बनवला गेला. आज त्यातून औषधे करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

मैत्रिणींनो, शाळेतली आपली मुलगी “पुस्तकात आहे तसे इथे दिसत नाही” म्हणाली, तर तिला गप्प बसवू नका. तिच्या शेजारी बसा आणि दोघी मिळून पुन्हा मोजा.