मोर्तबानंतरची दवंडी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाईच्या पेठेत नव्या वह्या पाटावर येतात. पहिल्या पानावर श्री, दोन बाजूंस शुभ आणि लाभ, वर हळदकुंकू. घरची मुले बत्ताशांकडे पाहत असतात. पण वाचकांनी क्षणभर त्या वह्यांकडे पाहावे. जुन्या रीतीच्या दुकानात त्या मुख्यत: दोन : एक कीर्द, दुसरी खतावणी. कीर्दीत दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरायचा. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. क्रम मात्र ठरलेला. आधी कीर्द, मग खतावणी.

हा क्रम का, असे मी वर्गात विचारतो तेव्हा मुले म्हणतात, "रीत आहे म्हणून." रीत खरी, पण तिच्या पोटात शहाणपण आहे. खतावणी अर्धी लिहून झाली आणि दिवा विझला, तर कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. उलट खतावणीत चार खाती फिरवली, दोन राहिली आणि कीर्दीत काहीच नाही, तर खरे काय ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हीच रीत एकेकाळी राज्याला लागू होती आणि तिचा मोठा जाणकार आमच्या शेजारचा होता. वाईपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णेच्या काठी मेणवली आहे. १७६८ साली हा गाव नाना फडणिसांना मिळाला; तेथे त्यांनी घाट बांधला, वाडा बांधला. वाड्यातील कागद ‘मेणवली दप्तर’ या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. नानांना आपण मुत्सद्दी म्हणून ओळखतो. पण फडणीस म्हणजे मुळात फडावर लिहिणारा. पेशव्यांच्या फडावर रोजकीर्द लिहिली जाई. पुण्यातले एकबेरीज दप्तर निरनिराळ्या खात्यांचे हिशेब गोळा करून त्यांचे तर्जुमे आणि खतावण्या तयार करी. दुकानातलीच जोडी, फक्त राज्याएवढी मोठी.

आता सनदेची गोष्ट पाहू. एखाद्याला जमीन इनाम द्यायचे ठरले, की मजकूर लिहिला जाई, शेवटी ‘मोर्तब सुद’ होई, दप्तरात नोंद पडे. पण एवढ्याने काम संपत नसे. इनामदाराच्या हाती सनद, गावच्या मोकदमाला पत्र, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना पत्र, कमाविसदाराला पत्र, अशी त्या एका नोंदीची वर्दी चहूकडे जाई. नोंद एक, दवंड्या चार.

येथे चार प्रकार संभवतात. नोंद झाली आणि वर्दी गेली, हे उत्तम. नोंदही नाही, वर्दीही नाही, म्हणजे काही घडलेच नाही. नोंद झाली, पण वर्दी वाटेत अडकली, तर खोळंबा होतो. परंतु नोंद पाहून पत्र पुन्हा लिहिता येते. चौथा प्रकार मात्र वाईट : वर्दी गेली आणि नोंदच नाही. मग इनामदार जमीन कसतो, मोकदम त्याला मान देतो आणि दप्तराला त्याचा पत्ता नसतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी महसूल मक्त्याने देण्याचा सपाटा चालला आणि दप्तराची पूर्वीची शिस्त ढिली पडली. त्याची झळ लगेच कोणाला लागली नाही. १८१८ साली पेशवाई गेली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती चौकशीचे अधिकार आले आणि घरोघरच्या पेट्यांतून सनदा निघाल्या. कमिशनने त्या पेशवे दप्तराशी ताडून पाहिल्या. काही सनदा बनावट असतील. पण एखादी खरी असूनही कारकुनाच्या आळसाने नोंदीविना राहिली असेल, तर त्या घरधन्याने काय करावे? आजोबांच्या हाती पडलेला कागद हा नुसता निरोप होता आणि निरोपाचे मूळ पुण्याच्या रुमालात हवे होते, हे नातवाला जमीन जाताना कळायचे.

ही जुनी पीडा आजही सरलेली नाही. तिने घर मात्र बदलले आहे. आज पेढीचा हिशेब संगणक ठेवतो. वीज कोणत्याही क्षणी जाईल हे त्यालाही गृहीत धरावे लागते, म्हणून त्यालाही कीर्द दिली आहे. बदल आधी एका रोजनिशीत ओळीने लिहायचा, त्याच्या शेवटी कायम झाल्याची खूण करायची आणि मुख्य खतावणीत तो सवडीने न्यायचा. वीज गेली तर यंत्र जागे होताच रोजनिशी वाचते. खूण असलेला व्यवहार धरते, खूण नसलेला सोडून देते. ही खूण म्हणजे त्याचे ‘मोर्तब सुद’.

आपल्या खिशातल्या दूरध्वनीतही ‘एसक्यूलाइट’ नावाची अशी एक चिमुकली खतावणी असते. तिला २०१० साली ही रोजनिशीची रीत मिळाली. तिच्यात दोन हुजरे नेमता येतात. एकाला मोर्तबापूर्वी विचारतात. तो नाही म्हणाला तर व्यवहार रद्द. दुसरा मोर्तबानंतर धावतो आणि रोजनिशीची किती पाने भरली ते सांगतो. दवंडी द्यायची ती या दुसऱ्याने. पहिल्याने दिली आणि पुढे मोर्तबच फसले, तर तो आपला चौथा प्रकार झाला.

म्हणून हे हुजरे कामावर घेताना त्यांची परीक्षा घ्यावी लागते. व्यवहार कायम करा : दवंडी एकदाच झाली पाहिजे. व्यवहार मागे घ्या : दवंडी होताच कामा नये. व्यवहार चालू असताना यंत्राचा श्वास मध्येच तोडा, पुन्हा सुरू करा आणि जे जे पुकारले ते ते वहीत सापडते का पाहा. येथे एक बारकावा आहे. शाई वाळेपर्यंत थांबण्याची कडक रीत आणि न थांबण्याची शिथिल रीत, अशा दोन्ही रीती या यंत्रात चालतात. शिथिल रीतीत काम झपाट्याने होते. पण दवंडी दिल्यावर वीज गेली तर नोंद पुसली जाऊ शकते. दुसरा बारकावा अधिक गमतीचा. सुमारे हजार पाने भरली की रोजनिशी खतावणीत नेण्याचे काम आपोआप होते, ते याच दुसऱ्या हुजऱ्याच्या जागेवरून. तेथे आपण आपला माणूस बसवला की जुना कारकून मुकाट्याने उठून जातो आणि वेगळी तजवीज केली नाही तर रोजनिशी फुगत राहते. दवंडी जोरात आणि खतावणी उपाशी! हे राज्यकारभारातही पुष्कळदा घडते.

मात्र कीर्द शाबूत असली, तर गेलेलेही परत उभे राहते. पेशव्यांचे राज्य बुडाले. पण त्यांच्या दप्तरातून रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशीतले उतारे चिकाटीने निवडले. त्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली पेशव्यांच्या कारभाराचे चित्र रेखाटले. तोपर्यंत इतिहास म्हणजे लढाया आणि कारस्थाने. या उतारांतून टांकसाळी, जकाती, न्यायनिवाडे आणि गावगाडा दिसू लागला. पुढे १९३० पासून सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले.

फडावरच्या त्या कारकुनांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी दवंडी पिटली नाही; त्या त्या दिवसाची ओळ त्या त्या दिवशी लिहिली, एवढेच. राज्य गेल्यावर उरली ती हीच ओळ.