घाटवाटांवरचे मुक्काम: मुरबाड-शहापूरचा डोंगरपट्टा

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतून देशावर चढणाऱ्या घाटवाटांवर मुक्कामाची जागा पाणी ठरवते. इथे पाऊस धो धो पडतो, पण ते पाणी बघता बघता दरीत उतरते. होळीच्या सुमारास ओढे कोरडे पडतात आणि काळा कातळ दिवसभर तापतो. म्हणून कातळातच टाकी खोदून पाणी धरावे लागले. जिथे बारमाही टाके होते, तिथे तांडा उतरला.

याचा सर्वांत जुना पुरावा नाणेघाटात आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जाई. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून चढ सुरू होतो आणि खिंडीच्या तोंडाशी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले लेणे लागते. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखात सातवाहन राणी नागनिकेच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दाने नोंदलेली आहेत. इतिहासकारांचे लक्ष साहजिकच तिकडे गेले. लेण्याची रचना मात्र वेगळेच काही सांगते. इथे भिक्षूंच्या खोल्या नाहीत. एक मोठे दालन आहे आणि भिंतींलगत बसा-टेकायला दगडी ओटा आहे. चढून आलेल्या वाटसरूला हवे होते ते एवढेच.

शेजारी टाकी आहेत. एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान कोरले आहे, तर दुसरे कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाने एका सातवाहन राजाच्या 13व्या राजवर्षी दिले. राजघराण्याने भिंतींवर आपली कीर्ती कोरली. या दोन टाक्यांचा खर्च तरी सामान्य गृहस्थांनी उचलला. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा होता, असे परंपरा सांगते.

सगळेच मुक्काम सोयीसाठी निवडलेले नव्हते. शहापूरच्या माहुली किल्ल्यावर 1636 मध्ये शहाजीराजांनी आसरा घेतला, तो गड दुर्गम होता म्हणूनच. तरी वेढ्यापुढे तो सोडावा लागला. मुरबाडच्या सिद्धगडाच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार लपले होते, तेही याच हिशेबाने. 2 जानेवारी 1943 रोजी कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. गोरखगडाच्या गुहेशीही पाण्याची टाकी आहेत, पण तिथवर पोचायला कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे धावू लागली आणि देशावरचा माल कसाऱ्याच्या मार्गाने जाऊ लागला. जुन्या वाटा गावकरी, गुराखी आणि यात्रेकरू यांच्यापुरत्या उरल्या. पुढे डोंगरभटके आले आणि तेही त्याच टाक्यांशी उतरू लागले.

मुलाबाळांसह पाठीवर सामान घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला जुन्यांपैकी तांड्यांची निवड घेण्याजोगी आहे, लपणाऱ्यांची नव्हे. नाणेघाटाचा सपाट माथा त्यांत सर्वांत सोपा. घाटघरकडून तिथवर गाडीरस्ता आहे, त्यामुळे कोणी थकले किंवा आजारी पडले तर परतीची वाट हाताशी असते. मात्र ऐन पावसाळ्यात खिंडीतला वारा धबधब्याचे पाणी उलटे वर उडवतो, तेव्हा तंबू टिकत नाही. आजोबाच्या डोंगरावर, डेहणे गावाच्या बाजूने, वाल्मिकी आश्रमापर्यंत झाडीतली वाट आहे आणि तिथे सावली मिळते. त्याच्या वर सीतेच्या पाळण्याकडे जाणारा टप्पा लहान मुलांसाठी नाही. आसनगाव स्थानकापासून जवळ असलेले माहुली गाव आणि पायथ्याचे मंदिर ही आणखी एक सोय. गड सकाळी, हवे तितकेच चढून पाहता येतो.

दिवाळी ते माघ हा काळ उत्तम. त्यानंतर कोणत्या टाक्यात पाणी आहे आणि ते पिण्याजोगे आहे का, हे वाडीतल्या माणसाला विचारूनच निघावे; पाणी गाळून आणि उकळून घ्यावे. तंबू कड्यापासून दूर आणि ओढ्याच्या पात्राबाहेर लावावा, ओढा कोरडा दिसला तरीही. लेण्यात चूल पेटवू नये, कारण धुराच्या काजळीने अक्षरे झाकली जातात. माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यात येत असल्याने तिथे रात्री राहण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी.