फाशाचा खेळ आणि पडद्यावरची दास्तान

नववीच्या वर्गात दास्तान शिकवताना मी मुलांना सांगतो, की ही मुळात वाचायची नव्हे, ऐकायची चीज होती. दास्तानगो समोरच्या मंडळींचे चेहरे पाहून एका रात्री लढाई लांबवी, दुसऱ्या रात्री इश्काचा किस्सा. गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे डी अँड डीसारखं!" मला काहीच कळले नाही. घरी येऊन त्याविषयी वाचले, चित्रपट पाहिला आणि पोराचे म्हणणे पटले.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. दोघेही टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे. त्यांच्या खेळात खेळाडूने फौज चालवायची नव्हती, एकच माणूस व्हायचे होते : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे "मी दार उघडतो", "मी पळतो" म्हणतात आणि जमले की नाही ते फासा ठरवतो. पहिली छपाई होती अवघ्या १००० प्रतींची.

आता पाहा, या खेळाला ठरलेला नायक नाही, ठरलेला शेवट नाही. मग चित्रपट कशाचा काढायचा?

गायगॅक्स स्वतः १९८०च्या दशकात हॉलिवूडमध्ये खटपट करून आले. १९८३ ते १९८५ या काळात दूरदर्शन वाहिनीवर २७ भागांची कार्टून मालिका आली, पण चित्रपट झाला नाही. पुढे १९८५ मध्ये कंपनीच त्यांच्या हातून गेली. चित्रपट आला तो २००० साली, कोर्टनी सॉलोमन यांच्या दिग्दर्शनाखाली. जेरेमी आयर्न्ससारखा नट होता, ड्रॅगन होते, जादू होती. तरी तो सपशेल पडला. माझ्या मते त्यांनी खेळातले सामान उचलले, खेळ उचललाच नाही.

दुसरा मोठा प्रयत्न २०२३ सालचा, 'ऑनर अमंग थीव्ज'. जोनाथन गोल्डस्टीन आणि जॉन फ्रान्सिस डेली यांनी पकडला तो खेळण्याचा ढंग. कबरस्तानातला प्रसंग घ्या. मंत्राने उठवलेला मुर्दा पाचच प्रश्नांची उत्तरे देणार, हा खेळातलाच नियम. आपले शूरवीर आपसात बोलताना ते प्रश्न वाया घालवतात. दुसरीकडे एका पुलाचे अवघड नियम समजावून सांगितले जातात आणि एकाचा पाय चुकून पडताच पूल कोसळतो. लगेच नवी युक्ती. फासा उलटा पडल्यावर टेबलाभोवती जे होते, तेच हे. तिकीटबारीवर मात्र १५ कोटी डॉलर खर्चाच्या मानाने सुमारे २०.८ कोटींची कमाई कमीच ठरली.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, ती मला चित्रपटाहून मोठी वाटते. खेळाच्या नियमांवर इतरांनी आपली पुस्तके रचावीत, अशी मुभा कंपनीने २००० साली दिली होती. जानेवारी २०२३ मध्ये ती आवळण्याचा मसुदा फुटला. खेळणारे खवळले, येणाऱ्या चित्रपटावर बहिष्काराची भाषा झाली. महिनाअखेर कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम परत घेता येणार नाहीत अशा परवान्याखाली सर्वांना खुले केले. गोष्ट सांगणाऱ्यांनी आपला हक्क राखला. मालकाच्या कागदापुढे असे क्वचितच होते.

आपल्याकडे अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ४६ जाडजूड खंडांत छापली. ते उपकारच आहेत, नाहीतर आपल्या हाती काय उरले असते? पण १९२८ मध्ये दिल्लीचे मीर बाकर अली गेले आणि ती जुनी परंपरा थांबली. खंड कपाटात राहिले, सांगणारा उरला नाही. पुढे २००५ पासून काही जणांनी दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली, तेव्हा कुठे तिला श्रोते भेटले.

बी.एड.ला 'खेळातून शिक्षण' हा मुद्दा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आता वर्गात दास्तान ऐन तिलिस्मच्या दारात थांबवतो आणि विचारतो, "तुम्ही काय कराल?" मागच्या बाकावरून सर्वात आधी हात वर येतो. तास संपल्याची घंटा त्यालाच नकोशी वाटते.