पाच वॉटांचा संगणक

दिव्यातल्या एका शाळेत आम्ही गेलो होतो. संगणकाच्या खोलीला कुलूप होते. आत दहा जुने संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले. मुख्याध्यापकांनी विचारले, "हे भंगारात काढावेत का? नवी प्रणाली यांच्यावर चालत नाही आणि वीज गेली की तास बुडतो." उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू.

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तो ३८६ प्रक्रियकाच्या घरगुती संगणकावर. ही प्रणाली मुक्त आहे. ती कुणीही वापरावी, उघडून पाहावी, नको तो भाग काढून टाकावा. त्यामुळे लहान आणि स्वस्त यंत्रे बनवणाऱ्यांना ती सोयीची ठरली.

आपल्याकडे २००१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी एन्कोर कंपनीच्या अभियंत्यांसह 'सिम्प्युटर' हा हातात मावणारा लिनक्स-संगणक तयार केला. २००४ मध्ये तो बाजारात आला, पण फारसा खपला नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या निकोलस नेग्रोपाँटे यांनी मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट झाली. मात्र हे यंत्र पाचसहा वॉटांत चाले आणि त्याचा पडदा उन्हातही वाचता येई.

दिव्याहून पनवेल-रोह्याकडे जाणारी रेल्वे ज्या रायगड जिल्ह्यातून जाते, तिथल्या खैराट-धनगरवाड्यावरील लहान शाळेत २००७ साली हे लॅपटॉप आले. भारतातल्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. मग अशा यंत्रांनी शिक्षण सुधारते का? पेरू देशातील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला: मुलांचे गणित व भाषेतील गुण वाढले नव्हते. यंत्र वाटले, म्हणजे शिकवणे झाले असे नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'रास्पबेरी पाय' विक्रीला आला. पत्त्याएवढी पाटी, किंमत ३५ डॉलर, वीज पाच वॉटांहून कमी. पडदा आणि कळफलक मात्र वेगळा जोडावा लागतो.

आता विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घ्या. जुना संगणक काचेच्या पडद्यासह सुमारे १५० वॉट घेतो. दहांना १५०० वॉट लागतात. पाच वॉटांची पाटी आणि वीस वॉटांचा एलईडी पडदा असे दहा संच २५० वॉटांत चालतात. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. पहिल्या भाराला ती हिशेबाने सव्वा तास, दुसऱ्याला सात तास पुरेल. वाटेतली गळती धरली, तर दोन्ही आकडे बरेच उतरतील. पण जुन्या संगणकांचा एक तासही पुरा होणार नाही आणि लहान संचांचे तीनचार तास सहज होतील.

म्हणून आम्ही मुख्याध्यापकांना सांगितले, भंगारात काढू नका. हलके लिनक्स घालून चालतील तेवढे आधी चालू करा. त्याला पैसे लागत नाहीत. जो बंद पडेल, त्याच्या जागी लहान संच घ्या. विकत घेताना किमतीबरोबर वॉटही विचारा. आणि खोलीची किल्ली रोज वापरणाऱ्या शिक्षकाकडे द्या. पेरूमध्ये यंत्रे होती, वीज वाचवणारीही होती. तरी गुण वाढले नाहीत, हे विसरू नये.