सावळ्या कातडीचा हिशेब

मुरुमांचे खड्डे भरून यावेत म्हणून मागच्या महिन्यात मी चेहऱ्यावर सौम्य लेझर करून घेतला. पहिला दिवस भर उन्हातून फिरून आल्यासारखा गेला. तिसऱ्या दिवशी गालांवर चहाच्या भुकटीसारखे बारीक काळपट ठिपके उमटले. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, तरी आरशासमोर धस्स झालं. मला खालाची हनुवटी आठवली. केस काढायच्या लेझरनं एका पार्लरमध्ये तिला भाजलं, तो डाग जायला दीड वर्ष लागलं. पार्लरवाली म्हणाली, "तुमची स्किनच तशी आहे."

तशी म्हणजे कशी? घरात कोंडून घेतल्या दिवसांत मी त्याचाच इतिहास वाचत बसले.

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाचा पहिला लेझर चालवला. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी लवकरच तो त्वचेवर वापरून पाहिला. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी नियम मांडला: योग्य तरंगलांबीचा प्रकाश अगदी थोडा वेळ सोडला, तर नेमकं लक्ष्यच तापतं, आजूबाजूचं वाचतं. लक्ष्य केसातलं मेलॅनिन आणि कातडी गोरी, तर काम सोपं. आपल्याकडे मेलॅनिन केसात आहे तसं कातडीतही. प्रकाशाला फरक कळत नाही, तो यंत्र चालवणाऱ्याला कळावा लागतो.

त्वचेचे आज सहा प्रकार मानतात. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ही वर्गवारी सुरू केली ती गोऱ्या रुग्णांना अतिनील किरण किती द्यायचे हे ठरवायला. तपकिरी आणि काळी त्वचा नंतर जोडली गेली. खाला त्या नंतरच्यांतली.

नव्वदच्या दशकातले लेझर वरचा थरच सोलून काढत. लाली महिनोन्‌महिने राही. २००४ मध्ये डीटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी किरण बारीक ठिपक्यांत विभागला. मधली कातडी शाबूत राहते आणि तीच शेजारची जखम भरते. माझ्यावर वापरलेला किरण याच जातीचा, मुख्यतः कातडीतल्या पाण्यात शोषला जाणारा. गालावरची भुकटी म्हणजे आतून बाहेर ढकललेला मृत पेशींचा कचरा. ती खरवडली तर डाग पडतो. म्हणून वुजू करताना कोमट पाणी नुसतं ओघळू दिलं, चेहरा चोळला नाही, मऊ कापडानं टिपला. सावळ्या कातडीला जास्तीची उष्णताही सोसत नाही, त्यामुळे ठिपके विरळ आणि दोन बैठकांत अंतर. बाकी सनस्क्रीन, टोपी, उन्हाशी कट्टी.

सहाव्या दिवशी भुकटी झडली. खाला आली, मला खिडकीपाशी नेऊन हनुवटी वर करून बराच वेळ बघत राहिली.

"आधी थोड्याशा जागेवर करून बघितलं होतं का गं त्यांनी?"

"हो, कानामागे. मग महिनाभर थांबले."

"माझं कुणी बघितलंच नाही," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.